रिकलेक्टचे दोन अर्थ एकत्र शिकवावेत की नाही?

रामबागची ताई:
इथे इंदूरला मुलांना इंग्रजी शिकवते. मुलांच्या वर्कबुकात रिकलेक्ट म्हणजे आठवणे एवढंच दिलेलं असतं, पण डिक्शनरीत रिकलेक्ट वनसेल्फ म्हणजे स्वतःला सावरणे, भानावर येणे हेही सापडतं. माझं मत, दोन्ही एकत्रच शिकवावेत कारण मूळ एकच आहे, लॅटिन कोलिगेरे म्हणजे गोळा करणे आणि आधी री म्हणजे पुन्हा. विसरलेलं एकेक करून गोळा केलं तरी तेच आणि विखुरलेलं मन गोळा केलं तरी तेच! रिमेंबर आपोआपही होतं, सराफ्यात शिरलं की लहानपण आठवतं तसं, रिकलेक्टला मात्र जोर लावावा लागतो. ॲरिस्टॉटलनेही हा फरक केला होता, साधी स्मृती जनावरांनाही असते पण शोधून आठवणं फक्त माणसालाच जमतं असं तो म्हणतो.

राजवाडा_इंदूर:
ताई मूळ एक आहे हे कबूल, पण पोरांना त्याचा उपयोग काय? सावरण्यासाठी आज रिकलेक्ट म्हणताना कोणी ऐकलंय का, ते जुन्या कादंबऱ्यांत. आता कंपोज युवरसेल्फ म्हणतात नाहीतर पुल युवरसेल्फ टुगेदर. इंटरव्ह्यूत पोरगं घाबरलं आणि लेट मी रिकलेक्ट मायसेल्फ म्हणालं तर समोरचा बघतच राहील. त्यापेक्षा हे शिकवा की दार लावायचं लक्षात ठेव म्हणायचं असेल तर रिमेंबर टु लॉक, तिथे रिकलेक्ट चालतच नाही.

जुना_इंदूरकर:
भाऊ, फक्त इंटरव्ह्यूसाठी भाषा शिकायची का? गीतेत १८व्या अध्यायाच्या ७३व्या श्लोकात अर्जुन म्हणतो नष्टो मोहः स्मृतिर्लब्धा, आणि लगेच पुढे स्थितोऽस्मि. म्हणजे आठवलं आणि सावरला, एकाच दमात. २ऱ्या अध्यायात उलटं, क्रोधातून मोह, मोहातून स्मृतिभ्रंश. आपल्या मुलांना ही जोडी परकी वाटणारच नाही, सांगून तर बघा.

राजवाडा_इंदूर:
काका, गीतेबद्दल आदर आहेच, पण अर्जुनाला कुणाचं विसरलेलं नाव आठवलं नव्हतं हो, त्याला स्वतःच्या कर्तव्याचं भान आलं. ती स्मृती वेगळी. संस्कृतच्या जोरावर इंग्रजी शब्दाचा आजचा वापर ठरत नाही, तो बोलणारे लोक ठरवतात.

रामबागची ताई:
वापर बोलणारे ठरवतात हे मान्यच आहे, पण मग कलेक्टेड म्हणजे शांत, स्थिरचित्त हे आजही रोज बोलतात की! माझी मुलं तो शब्द वाचून अडतात, कलेक्टेड म्हणजे जमा केलेला माणूस का असं विचारतात. मूळ सांगितलं की दोन मिनिटांत कळतं. म्हणून मी तरी शिकवणारच.

नवी_शिक्षिका:
दोघांनाही एक विनंती, शिकवाल तेव्हा हायफनचंही सांगा. वाटलेल्या वह्या परत गोळा करायच्या असतील तर ते हायफनवालं री-कलेक्ट, आणि त्यात री लांब म्हणायचा. माझ्या वर्गात सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो.