व्हीलचेअरचं गलबत करायचंय, चाकं झाकू का?

गॅदरिंगताई: सातवीतली एक मुलगी मराठा आरमाराच्या देखाव्यात तांडेल (खलाशांचा प्रमुख) होणार आहे. व्हीलचेअर घडीची, ५८ सेंमी रुंद, ती स्वतः चालवते. भोवती गलबत उभारायचंय. चाकं पूर्ण झाकावीत का? स्टेज ७५ सेंमी उंच आहे, रॅम्प कसा करावा?

खटपट्या: मोठी चाकं अजिबात झाकू नका. बाहेरून पुठ्ठा घेतला तर हँडरिमपाशी (हाताने चाक फिरवायची बाहेरची कडी) बोटांसाठी दोन्हीकडे दहा-दहा सेंमी सोडावे लागतात. रुंदी ८० च्या घरात गेली की विंगेत अडकलंच. त्यापेक्षा चाकाभोवती गोल कापून घ्या. गलबत वल्ह्यांवर चालायचं, तिचा चाकावरचा हात म्हणजेच वल्हं. ते दिसलंच पाहिजे!
सांगाडा अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचा, वर खोक्याचा पुठ्ठा. पुठ्ठ्यातल्या नळ्या उभ्या ठेवा, म्हणजे नाळेकडे (गलबताच्या पुढच्या टोकाकडे) छान वळतो. आडव्या ठेवल्या तर मोडून सुरकुत्या पडतात. सगळं मिळून चार किलोच्या आत बसवा.

चाकखुर्ची: खुर्चीला भोक पाडायचं नाही. फ्रेमच्या पाइपवर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळा, वर केबल टाय, शेपटं अगदी मुळाशी कापा. धारदार टोक राहिलं तर बोट कापतं. सीटखालच्या फुलीला काही बांधू नका, खुर्ची मिटणार नाही. पुढची छोटी चाकं मागे जाताना पूर्ण उलटी फिरतात, त्यांच्याभोवती जागा सोडा. ब्रेक तिच्या हाताला लागलाच पाहिजे. नाळेचा भाग वेलक्रोने वेगळा निघू द्या, नाहीतर फूटरेस्ट बाजूला होत नाहीत आणि तिला उतरता येत नाही.
डोलकाठी मागच्या मुठींना नको. वजन मागे गेलं की चढावर खुर्ची उलटते, शिवाय मदतनीसाला धरायला जागा उरत नाही. पुढच्या उभ्या पाइपला बांधा. शीड मच्छरदाणीच्या कापडाचं करा, पलीकडचं दिसतं.

गॅदरिंगताई: आणि रॅम्प?

खटपट्या: एकास बारा उतार धरला तर ७५ सेंमीला ९ मीटर लांबी, कठडे वेगळे. तेवढी जागा नसेल तर फळ्या टाकून उभा चढ करू नका, गलबतासकट खुर्ची उचलूही नका. आरमाराचा अख्खा प्रवेश स्टेजसमोर जमिनीवर घ्या, सगळ्या मुलांसकट. तिला एकटीला खाली ठेवू नका.
रॅम्प झालाच तर नाळेचा तळ जमिनीपासून १० सेंमी वर हवा. नाळ चाकापुढे ५० सेंमी आली, तर चढाच्या तोंडाशी जमीन तिथे चार सेंमी वर आलेली असते. तळ खाली असला की तिथेच घासतो.

चाकखुर्ची: रंगीत तालीम पूर्ण पोशाखात घ्या. शेल्याचं टोक आऱ्यांत हमखास जातं, ते कमरेला खोचून पिन लावा.