ऑफेनबाख : कॅनकॅनच्या पुढे काय ऐकू?

नवशिका : कॅनकॅन या पाय उडवत नाचायच्या फ्रेंच नाचाची धून सगळ्यांना ठाऊक असते, मलाही तेवढीच. ती जाक ऑफेनबाख या संगीतकाराची, हे कालच कळलं. नुसत्या गमतीजमती लिहिणाऱ्याचं एवढं नाव का?

खर्जातला : चेलो, म्हणजे व्हायोलिनचं थोरलं भावंड, शिकताना सरांनी त्याची दोन चेलोंसाठीची रचना पुढ्यात ठेवली, तेव्हा मीही "कॅनकॅनवाला?" म्हणून हसलो होतो. पहिल्याच पानावर बोटांचा घाम निघाला. हा माणूस मुळात चेलोवादकच. १८१९ साली कोलोनला जन्म, चौदाव्या वर्षी थेट पॅरिसच्या संगीतशाळेत. तिथलं वर्षभरात सोडलं आणि ओपेरा-कोमिक या तिथल्याच नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात रुजू.

माझं आवडतं प्रकरण परवान्याचं. १८५५ मध्ये त्याने शाँझेलिझेजवळ बूफ-पारिझियां हे टीचभर थिएटर काढलं. पण परवाना मिळाला तो फक्त एकअंकी नाटुकल्यांचा, तोही मोजक्या पात्रांचा. १८५७च्या 'क्रोकफेर'मध्ये चारच गाणारी पात्रं चालणार होती, याला हवं होतं पाचवं. मग काय, पाचव्याची जीभ लढाईत छाटलेली! बिचारा पाट्या दाखवून बोलतो. कायदा पाळला, कायद्याची टोपीही उडवली.

नवशिका : हाहा! आणि कॅनकॅन?

खर्जातला : तो १८५८च्या 'ऑर्फे ओझांफेर'मधला शेवटचा गॅलप, म्हणजे वेगवान नाच. पण पूर्ण ऑपेरा ऐक. ग्रीक कथेतला गायक ऑर्फे मेलेल्या बायकोला आणायला पाताळात जातो; पण बायको मेली म्हणून यातला ऑर्फे खूश आहे, आणि 'लोकमत' नावाची बाई त्याला ढकलत तिला परत आणायला नेते. देवांपुढे तो रडतो ते ग्लुक या संगीतकाराच्या ऑर्फेवरच्याच जुन्या, गंभीर ऑपेरातल्या चालीवर. तेच तेच अमृत पिऊन कंटाळलेले देव बंड करतात, तर मागून 'मार्सेयेझ' हे फ्रेंच क्रांतिगीत डोकावतं. ज्यूल जानँ या समीक्षकाने वर्तमानपत्रात झोडपलं, आणि तिकीटखिडकीवर गर्दी उसळली.

मंदगती : त्यानंतर ऐक त्याची ऑपेरा 'हॉफमनच्या कथा'. १८८० मध्ये तो गेला तेव्हा ती अपुरीच होती, १८८१च्या फेब्रुवारीत रंगमंचावर आली. त्यातलं ते नावेवरचं गाणं, बार्कारोल, मात्र त्याच्याच १८६४च्या व्हिएन्नातल्या ऑपेरातून उचललेलं. आणि सां-साँस या फ्रेंच संगीतकाराच्या 'प्राण्यांच्या जत्रे'तलं कासव चुकवू नकोस. तोच कॅनकॅन, पण कासवाच्या चालीने.

नवशिका : कासव ऐकलं. मोबाइलवर वेग चुकून कमी झालाय का, ते दोनदा तपासलं.