मदत हवी आहे: ईजी५ वर फॉस्फेट लावलं की ग्रोमॅक्स (रेणूंच्या हालचालीचं सिम्युलेशन करणारं सॉफ्टवेअर) अडतंय

नलिका: पेशीविभाजनातल्या ईजी५ मोटरच्या (सूक्ष्मनलिकांवर चालणाऱ्या प्रोटीनच्या) शेपटीवर फॉस्फेट लावलं की डोक्यावर (नलिकेला धरून चालणाऱ्या भागावर) काय परिणाम होतो ते बघायचंय. थ्रिओनिन या रेसिड्यूचं (प्रोटीनच्या साखळीतल्या अमिनो आम्लाचं) नाव बदलून टीपीओ (फॉस्फेट लागलेला थ्रिओनिन) केलं तर ग्रोमॅक्स 'हा रेसिड्यू डेटाबेसमध्ये नाही' म्हणून थांबतं. मग कंटाळून तिथे फॉस्फेटसारखाच ऋण भार असलेलं ग्लुटामेट टाकून रन लावला, तो नीट चालला पण साध्या प्रोटीनपेक्षा काही म्हणजे काहीच वेगळं दिसत नाही. शुक्रवारी गाइडना दाखवायचंय, प्लीज लवकर सांगा कोणीतरी!!

अणुरेणू: फोर्सफिल्ड (अणूंमधल्या बलांची गणितं) कुठलं? कितवा थ्रिओनिन? डोकं कुठल्या स्ट्रक्चरमधून घेतलंय? एवढं तरी लिहा हो, अंदाजाने काय सांगणार.

नलिका: अँबर १४एसबी. ९२६, सीडीके१ एन्झाइम फॉस्फेट लावतं तोच.

अणुरेणू: १४एसबीसाठी फॉस्फेटवाले रेसिड्यू वेगळे मिळतात, फॉसएए१४एसबी नावाने. अँबरच्या टीलीप प्रोग्रॅममध्ये दोन्ही लोड करून टोपोलॉजी (अणू आणि बंधांची यादी) बनवा आणि पार्मेड या टूलने ग्रोमॅक्समध्ये न्या. ग्रोमॅक्सची रेसिड्यूंची आरटीपी फाइल हाताने लिहायच्या भानगडीत पडू नका, हायड्रोजनच्या फाइलीत किंवा रेसिड्यूंच्या यादीत एक नोंद राहिली की पुन्हा तिथेच अडकाल. आणि ग्लुटामेटवर भार −१, फॉस्फेटवर पेशीतल्या पीएचला बहुतेक −२, आकारही वेगळा, त्यामुळे त्या रनवरून काहीच ठरवू नका.

स्पिंडलप्रेमी: माझं ऐका, यासाठी ऑल-ॲटम (प्रत्येक अणूचं) सिम्युलेशन करूच नका. सायटोसिम (पेशीतल्या तंतूंचं आणि मोटरचं सिम्युलेशन) घ्या, मोटर सूक्ष्मनलिकेला चिकटण्याचा दर वाढवा आणि स्पिंडल (गुणसूत्रं वेगळी करणारा नलिकांचा सांगाडा) उभा राहतो का बघा. फॉस्फेट लागल्याशिवाय ईजी५ स्पिंडलवर नीट बसत नाही हे प्रयोगात केव्हाच दिसलंय.

अणुरेणू: दर तुम्हीच वाढवणार आणि मग स्पिंडल बदलला म्हणणार? फॉस्फेटमुळे तो दर का बदलतो हाच तर प्रश्न आहे ना.

स्पिंडलप्रेमी: दर प्रयोगातून येतात. चार डोक्यांची मोटर दोन नलिका एकमेकींवरून सरकवते, तुमच्या बॉक्समध्ये डोकं एकच आणि नलिकेचा तर पत्ताच नाही, त्यातून स्पिंडलबद्दल काय कळणार?

यीस्टवाला: त्यापेक्षा यीस्टमधली याच कुळातली मोटर सीआयएन८ घ्या. तिथे सीडीके१ च्या जागा डोक्यातच आहेत, २७७ आणि २८५, आठव्या लूपमध्ये (साखळीच्या वळशात). ही मोटर उलट्या दिशेनेही चालते, २०११ मध्ये हे कळलं तेव्हापासून मी तिच्या मागे आहे.

डॉकिंगकर: ईजी५ अडवणारं मोनॅस्ट्रॉल डोक्यातल्या लूप-५ च्या खाचेत बसतं. डॉक करायचं (ते खाचेत बसवून बघायचं) असेल तर माझ्याकडे सेटिंग तयार आहेत, मेसेज करा.

नलिका: औषध नकोय मला. डोकं ३एचक्यूडी या स्ट्रक्चरमधलं आहे, शेपूट अल्फाफोल्डच्या अंदाजातून घेतलंय, मधला दांडा काढून टाकलाय.

क्रायोताई: मग घोळ तिथेच आहे. ३एचक्यूडीत एएमपीपीएनपी (एटीपीची न तुटणारी नक्कल) आहे, म्हणजे मोटरने एटीपी (तिचं इंधन) धरल्यासारखी अवस्था. ड्रोसोफिला माशीच्या किनेसिन-५ वर (ईजी५ याच कुळातली) २०२० मध्ये दाखवलंय की शेपूट डोक्याला धरतं ते एटीपीची खाच रिकामी असताना, नाहीतर तिथे एडीपी (वापरून झालेलं एटीपी) असताना. तुम्ही सुरुवातच चुकीच्या अवस्थेतून केलीत तर फॉस्फेट असो नसो, फरक कसा दिसणार? १आयआय६ घ्या, त्यात एडीपी आहे.

नलिका: टीपीओ चाललं, थँक्स! १आयआय६ लावतेय. शेपूट डोक्यापासून किती लांब ठेवू?

क्रायोताई: एकाच जागी नको. ते सैल असतं, जिथे ठेवाल तिथेच चिकटून बसेल. वेगवेगळ्या बाजूंनी सुरुवात करा आणि फॉस्फेट असलेलं-नसलेलं दोन्ही त्याच जागांवरून सोडा. डोक्याखाली ट्युब्युलिनचा (नलिका ज्याची बनते त्या प्रोटीनचा) एक डायमर (जोडी) तरी ठेवा, स्पिंडलप्रेमींचा तेवढा मुद्दा बरोबर आहे.