मधुमेहात ॲक्युप्रेशर: जोडीला ठीक, पण किती?

निशिगंध:
आईला टाइप २ मधुमेह आहे, मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी चालू आहे. रोज रात्री ती गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं, नडगीच्या बाहेरच्या अंगाला असलेला बिंदू दाबते. चिनी पद्धतीत त्याला झुसानली म्हणतात. त्यानंतर झोप शांत लागते, असं ती सांगते. गोळ्या, पथ्य, चालणं सांभाळून कुणी हे करत असेल तर विरोध कशासाठी?

सडेतोड:
दाबायला विरोध नाही. 'साखर उतरते' या दाव्याला आहे. यावरचे बहुतेक अभ्यास छोटे आहेत, आणि दाबून घेणाऱ्याला आपल्याला दाबतायत हे कळतंच, म्हणजे नुसत्या अपेक्षेनेही बरं वाटू शकतं. शिवाय ॲक्युप्रेशर सुरू करणारा माणूस बहुधा त्याच सुमारास गोड तोडतो, चालायला लागतो. मग श्रेय कुणाला द्यायचं? ग्लुकोमीटरचा एखादा आकडा दाखवू नका. एचबीएवनसी ही रक्ततपासणी दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा हिशेब सांगते, ती बघा.

निशिगंध:
साखर उतरते असं मी लिहिलंच नाही. पण ताणात कॉर्टिसॉल हे हार्मोन वाढतं आणि यकृत रक्तात जास्त साखर सोडतं, हे खरं ना? मग चांगल्या झोपेला काहीच किंमत नाही?

आरोग्यमित्र:
तुम्ही उगाच बचाव करताय. आयुष्यभर गोळ्या खाऊन किडन्या जातात. बिंदू नियमित दाबा आणि गोळ्या हळूहळू बंद करा.

सडेतोड:
मला भीती होती ती हीच! किडन्या खराब होतात त्या वाढलेल्या साखरेने आणि रक्तदाबाने. किडनीचं काम मंदावलं की डॉक्टर मेटफॉर्मिन कमी किंवा बंद करतात, त्यातून हा गैरसमज पसरलाय. आणि तुमचं वाचून टाइप १ च्या एखाद्याने इन्सुलिन सोडलं, तर काही दिवसांत कीटोॲसिडोसिस होऊन, म्हणजे रक्तात आम्ल साचून, जिवावर बेतेल. कृपा करून असं लिहू नका.

पाऊलखुणा:
मी मधुमेहींच्या पायांच्या जखमांचं ड्रेसिंग करते. माझं भांडण लाकडी रोलर आणि टोचऱ्या चपलांशी आहे. एका आजोबांचा मोजा काढला तर तळव्याला चिकटलेला. खाली फोड फुटून ओला झालेला. त्यांना पत्ताच नव्हता, उलट 'आता पाय दुखत नाहीत' म्हणून ते खूश होते. नसा बधिर झाल्या की दुखणं थांबतं, तो गुण आल्याचा पुरावा नव्हे. आधी १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने, म्हणजे तळव्याला टेकवायच्या नायलॉनच्या बारीक तंतूने, तळव्याची संवेदना तपासून घ्या. आणि इन्सुलिन टोचलेली जागा चोळू नका. ते लवकर शोषलं जाऊन साखर ७० च्या खाली घसरू शकते.

निशिगंध:
हे कुणी सांगितलं नव्हतं. पण म्हणून सगळंच बंद करायचं हे मला अजूनही पटत नाही. आईच्या तळव्यांना मुंग्या येतात. तपासणी होईपर्यंत तिने हाताचे बिंदू दाबले तर चालेल?

पाऊलखुणा:
हात बधिर नसतील तर अंगठ्याने हलकं दाबू दे, नख लागू देऊ नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, काळेनिळे डाग पडतात. आणि मुंग्यांचं याच भेटीत सांगा, पुढच्या तारखेची वाट पाहू नका.