मोतीबिंदू आणि पडद्याचं ऑपरेशन एकदमच करावं का?

प्रश्न: आईच्या (वय 66) उजव्या डोळ्याच्या पडद्याला मधोमध छिद्र पडलंय, मोतीबिंदूही सुरू झालाय. पुण्यातले डॉक्टर म्हणतात, दोन्ही एकदमच करू. मोतीबिंदू अजून पिकलेला नाही, मग घाई कशाला? आम्ही महाबळेश्वरला राहतो.

उत्तर: ताई, माझ्या वडिलांचं असंच एकत्र झालं. व्हिट्रेक्टॉमीनंतर (पडद्याच्या ऑपरेशनात डोळ्यातला जेलीसारखा द्रव काढतात, ते) पन्नाशीपुढच्या बहुतेकांचा मोतीबिंदू दोनेक वर्षांत झपाट्याने वाढतो, म्हणजे दुसरं ऑपरेशन जवळपास ठरलेलंच. शिवाय भिंग धुरकट असेल तर सर्जनला पडदा नीट दिसत नाही. पण छिद्र मिटायला डोळ्यात गॅस भरणार का, हे आजच विचारा. भरला तर तो विरेपर्यंत आईंना घाट चढवू नका! उंचीवर गॅस फुगतो, डोळ्यातला दाब वाढतो, नजर जाऊ शकते. विमानही बंद. खाली कुणा नातेवाइकांकडे राहा.

दुसरं उत्तर: एकत्र केल्यावर चष्म्याचा नंबर थोडा उरू शकतो, बहुधा उणे. त्याची तयारी ठेवा.

प्रश्नकर्ती: घाटाचं कुणी बोललंच नव्हतं. गॅस किती दिवस राहतो?

पहिले उत्तरदाते: एसएफ-सिक्स नावाचा गॅस असेल तर साधारण 2 आठवडे, सी-थ्री-एफ-एट नावाचा असेल तर 6 ते 8 आठवडे. पूर्ण विरला हे डॉक्टरांनी तपासून सांगितल्यावरच निघा. मधे दुसऱ्या कशासाठी भूल द्यायची वेळ आली, तर डोळ्यात गॅस आहे हे आधी सांगा.