गोठ्याच्या सांडपाण्यावर गावाने देखरेख ठेवायची, तर निधी कोठून मिळेल?

नमस्कार. मी आमच्या ग्रामपंचायतीची सदस्य असून एका अडचणीत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

गावाच्या वरच्या अंगाला सुमारे 300 म्हशींचा गोठा आहे. एका म्हशीमागे दिवसाला 15 किलो शेण धरले, तरी रोज साडेचार टन होते. शेण शेतकरी घेऊन जातात आणि त्याबद्दल आमची मुळीच तक्रार नाही. मात्र पहाटे गोठा धुतला की मूत मिसळलेले काळपट, फेसाळ पाणी चरातून थेट ओढ्यात उतरते आणि पाणीपुरवठ्याची विहीर त्याच ओढ्याच्या काठावर आहे. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट (शेण-मुतातील नत्रापासून बनणारा, पाण्यात विरघळणारा क्षार) लिटरला 45 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असे भारतीय मानक सांगते. आमच्या विहिरीत गेल्या उन्हाळ्यात ते 62 निघाले. वरचे दूध बाटलीने पिणाऱ्या तान्ह्या बाळांना असे पाणी घातक ठरू शकते, म्हणून मन स्वस्थ बसत नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने डेअरी आणि गोशाळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, परंतु त्या पाळल्या जातात की नाही हे दरमहा पाहणार कोण? पंधराव्या वित्त आयोगाचे 60 टक्के अनुदान पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित, म्हणजे त्याच कामांसाठी राखीव, होते. त्यातून आमची गटारे झाली. नमुने तपासणे, ते प्रयोगशाळेत पोहोचवणे आणि पाहणी करणाऱ्याचे मानधन, हा वर्षानुवर्षांचा खर्च मात्र कोणत्या लेखाशीर्षाखाली दाखवावा, हे कळत नाही. कोणत्या ग्रामपंचायतीने असा खर्च मंजूर करून घेतला असल्यास, ठरावाचा नमुना कृपया द्यावा.