हेस्टरसारखा रिटर्नर घडवायचा की आधी रिसीव्हर? बडोद्यातल्या फ्लॅग फुटबॉलच्या मुलांसाठी विचारतोय

दांडियाबाजार_७
नमस्कार मंडळी. पोलो ग्राऊंडवर रविवारी सकाळी १२ ते १४ वर्षांची नऊ मुलं फ्लॅग फुटबॉल (अमेरिकन फुटबॉलचाच प्रकार, पण पाडायचं नाही, कमरेचा फ्लॅग ओढायचा) शिकायला येतात. त्यातला एक क्रिकेटमध्ये सीमारेषेवर उभा राहतो. उंच उडालेला झेल सहसा सोडत नाही, पळण्यातही सगळ्यांच्या पुढे. त्याने एनएफएल (अमेरिकेची व्यावसायिक लीग) गाजवलेल्या डेव्हिन हेस्टरच्या क्लिप बघितल्यात आणि आता त्याला रिटर्नरच व्हायचंय, म्हणजे समोरच्यांची किक झेलून परत पळणारा. माझे प्रश्न दोन. हेस्टर रिटर्नर म्हणून एवढा मोठा, मग रिसीव्हर (पास झेलणारा) म्हणून त्या तोडीचा का झाला नाही? आणि या मुलाला आधी पंट (हातातून सोडून लांब मारलेली किक) झेलायला शिकवू की रूट (रिसीव्हरने पळायची ठरलेली वाट)? जरा नेमकं सांगा.

सुरसागर_काठ
आधी हेस्टरबद्दल. २००६ च्या ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू निवडतात त्या फेऱ्या) शिकागो बेअर्सनी त्याला दुसऱ्या फेरीत, ५७ व्या क्रमांकावर घेतलं ते कॉर्नरबॅक म्हणून, म्हणजे बचावात. पहिल्याच मोसमात पंटवर ३ आणि किकऑफवर (खेळ सुरू करणारी किक) २ टचडाऊन, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या एंड झोनमध्ये, मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, नेणं. शिवाय जायंट्सविरुद्ध हुकलेली फील्ड गोल (खांबांमधून मारायची) किक स्वतःच्या एंड झोनमध्ये झेलून १०८ यार्ड पळाला. आपल्या हिशेबात क्रिकेटच्या जवळजवळ पाच खेळपट्ट्या. मग ४ फेब्रुवारी २००७ चा सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना. सामन्याची पहिलीच किक, ९२ यार्ड, घड्याळात गेले १४ सेकंद. सुपर बोलची सुरुवातीचीच किक थेट टचडाऊनपर्यंत नेणारा आजवर तो एकटाच. सामना मात्र कोल्ट्सनी २९-१७ असा जिंकला.

२००७ मध्ये बेअर्सनी त्याला आक्रमणात आणलं, रिसीव्हर केलं. त्या वर्षी रिटर्नवर ६ टचडाऊन झाले. पुढच्या दोन वर्षांचे आकडे नीट बघा. २००८ मध्ये ५१ झेल, ६६५ यार्ड. २००९ मध्ये ५७ झेल, ७५७ यार्ड. या दोन्ही वर्षांत रिटर्नवर टचडाऊन शून्य. रिसीव्हरचं काम सर्वांत जास्त होतं तेव्हाच रिटर्न आटला. २०१० मध्ये पुन्हा ३, २०११ मध्ये ३. कारकिर्दीअखेर पंटवर १४ आणि किकऑफवर ५, त्यात ती फील्ड गोल धरली की एकूण २०, हा विक्रम. रिसीव्हर म्हणून २५५ झेल, ३,३११ यार्ड, १६ टचडाऊन. वाईट नाही, पण २०२४ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये (महान खेळाडूंच्या मानाच्या यादीत) गेला तो रिटर्नच्या जोरावर. मुख्यतः रिटर्नर म्हणून तिथे पोचलेला तो पहिलाच.

दोन्ही कामांना वेग लागतो, पण डोकं वेगळं लागतं. रिटर्नर चेंडू हातात आल्यावर ठरवतो. समोर फट दिसली की घुसायचं, त्याला कुणी विचारत नाही. रिसीव्हरची वाट आधीच ठरलेली असते. स्लँट म्हणजे तीन पावलं सरळ आणि मग आत तिरपं. तो वळायच्या आधीच क्वार्टरबॅकच्या (पास फेकणाऱ्याच्या) हातून चेंडू सुटलेला असतो. तिथे चौथं पाऊल टाकलं की चेंडू पाठीमागून जातो, किंवा सरळ बचावपटूच्या हातात. रिटर्नरची उत्स्फूर्तता रूटमध्ये गुन्हा ठरते. हेस्टर कॉर्नरबॅक म्हणून आलेला, म्हणजे ही शिस्त त्याला व्यावसायिक पातळीवर येऊन अंगी बाणवावी लागली.

मोतीबाग_३४
वरचं सगळं मान्य. झेलाबद्दल सांगतो, कारण क्रिकेटवाल्या मुलाची गाडी तिथेच अडते.

क्रिकेटचा चेंडू १६० ग्रॅमच्या आसपास आणि गोल. झेलताना हात शरीरापासून लांब ठेवून मागे ओढायची सवय असते. अमेरिकन फुटबॉल ४०० ग्रॅमच्या वर, लांबी साधारण २८ सेंटीमीटर, दोन्ही टोकांना निमुळता. वरून फिरत येणाऱ्या पंटला हात पुढे करून ओंजळ धरली, तर टोक तळव्यांच्या मधून निसटून छातीवर आदळतं आणि चेंडू उडतो. पंट झेलायचा तो पाळण्यात: कोपरं बरगड्यांना चिकटवून, तळवे वर, चेंडू हातांवर आणि छातीवर एकदम यायला हवा. आधी पाय हलवायचे, हात शेवटी. नाक खाली वळलेला चेंडू लांब जातो, नाक वरच राहिलं तर अलीकडेच पडतो, म्हणून पहिली नजर चेंडूच्या नाकाकडे. पंट मारणारा डावखुऱ्या पायाचा असेल तर फिरकी उलटी असते, हे मुलाला आधीच सांगून ठेवा.

झेलल्यावर चेंडू काखेत जाईपर्यंत मान वर करायची नाही. बहुतेक चेंडू त्या अर्ध्या सेकंदात सुटतात, कारण धावून येणाऱ्यांकडे बघायचा मोह होतो. बोटं टोकावर, चेंडू हाताच्या आतल्या बाजूला आणि बरगडीला दाबलेला.

आता गंमत बघा. क्वार्टरबॅकचा पास झेलताना हेच सगळं उलटं. तिथे चेंडू छातीवर घ्यायचा नाही, हात पुढे काढून बोटांनी पकडायचा. छातीच्या वर आला तर अंगठे जवळ, कमरेखाली आला तर करंगळ्या जवळ. एकाच मुलाला या दोन विरुद्ध सवयी एकाच महिन्यात लावल्यात तर दोन्ही कच्च्या राहतील.

दांडियाबाजार_७
आभार, हे फार कामाचं आहे. पास त्याच्या छातीवर आपटून उडतो, त्याचं कारण आत्ता कळलं. मग पंट आधी की पास?

रावपुरा_यार्ड
पास. दादा, एक गोष्ट वर कुणीच लिहिली नाही. पाच-पाच जणांच्या फ्लॅग फुटबॉलमध्ये किकच नसते. किकऑफ नाही, पंट नाही. आपल्या ५ यार्डाच्या रेषेवरून सुरुवात, चार प्रयत्नांत मध्यरेषा ओलांडायची, मग आणखी चार प्रयत्नांत गुण. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्येही हाच पाच जणांचा प्रकार आहे, पुरुष आणि महिला दोन्ही. म्हणजे रिटर्नर ही जागाच तिथे नाही. मुलाला हे आजच सांगा, नाहीतर दोन वर्षांनी हिरमुसेल.

एनएफएलमध्येही ती जागा नियमांवर हेलकावे खाते. २०११ मध्ये किकऑफ ३० वरून ३५ यार्डाच्या रेषेवर आला, चेंडू एंड झोनपार जाऊ लागले, रिटर्न घटले. २०२३ पर्यंत पाचांतला जेमतेम एक किकऑफ परत पळवला जात होता. २०२४ मध्ये रचनाच बदलली. किक मारणाऱ्या संघाचे बाकीचे दहा जण समोरच्यांच्या ४० यार्डावर उभे राहतात आणि चेंडू जमिनीला किंवा रिटर्नरला लागेपर्यंत हलायचं नाही. एंड झोनमध्ये थेट मारला तर २०२४ मध्ये समोरच्यांना ३० वर चेंडू मिळायचा, २०२५ पासून ३५ वर. इतकी जमीन फुकट द्यायला नको म्हणून संघ मैदानात किक टाकू लागले आणि रिटर्नरला पुन्हा भाव आला.

पण ५३ जणांच्या चमूत फक्त रिटर्नसाठी माणूस ठेवणं संघांना जड जातं. त्यामुळे बहुतेकांसाठी रिटर्न हे आत शिरायचं दार असतं. स्टीव्ह स्मिथ बघा. २००१ मध्ये तिसऱ्या फेरीत कॅरोलिना पँथर्सकडे आला, पहिल्याच सामन्याची सुरुवातीची किक ९३ यार्ड पळवून टचडाऊन. पुढे रूट इतके घोटले की २००५ मध्ये १०३ झेल, १,५६३ यार्ड, १२ टचडाऊन. तिन्हींत लीगमध्ये अव्वल, झेल आणि टचडाऊनमध्ये बरोबरीने. तुमच्या मुलाला हेस्टरसोबत याच्याही क्लिप दाखवा.

सुरसागर_काठ
रावपुरांशी सहमत, एक भर घालतो. मोकळ्या जागेत बचावपटूला चकवणं ही रिटर्नरची कला फ्लॅगमध्ये पास झेलल्यावर पुरेपूर वापरता येते. फक्त हाताने फ्लॅग झाकला किंवा समोरच्याला हाताने ढकललं तर पेनल्टी. गोल फिरून निसटायला परवानगी आहे.

दांडियाबाजार_७
ठरलं, पासपासून सुरू करतो. रविवारसाठी एखादा ड्रिल सांगाल?

मोतीबाग_३४
शंकू ५ यार्डावर एक, १० वर एक. यार्ड म्हणजे ९१ सेंटीमीटर, टेपने मोजा, पावलांनी नको. पहिले दोन आठवडे फक्त स्लँट, ५ वरचा कर्ल (थांबून मागे वळायचं) आणि १० वरचा आउट (बाहेरच्या बाजूला वळायचं). प्रत्येकी दहा वेळा, त्यातले पहिले पाच चेंडूशिवाय. शंकूपाशी पावलं मोजून मोठ्याने म्हणायला लावा. कर्लमध्ये वळल्यावर मुलगा मागे सरकतो, तिथे लक्ष ठेवा. त्याने चेंडूकडे एक पाऊल यायला हवं, नाहीतर बचावपटू मधून हात घालतो. मुलांसाठी लहान मापाचा चेंडू घ्या, मोठ्या चेंडूवर १२ वर्षांच्या मुलाची बोटं पुरत नाहीत आणि तो परत छातीवर झेलू लागतो.